खाऱ्या आत्या

आत्या सकाळपासून दगडाला अंग घासत होत्या.

वहिनीने शिवणाच्या मशीनवरून मान वर करून पाहिलं. आधी डावी कूस, मग वळून उजवी. पाठीला खाज सुटली आणि हात पोचत नसला की माणूस दाराच्या चौकटीला घासतो, अगदी तसं. तिने पायडलवरून पाय काढला, चष्मा पुसला आणि काचेला नाक लावलं. आत्यांच्या शेपटीवर पांढरे ठिपके होते.

या आत्या म्हणजे मासा. नारिंगी रंग, अंगावर पांढरे पट्टे, बोटभर लांबी आणि हातभर स्वभाव. दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची टाकी हा दादाचा हौसेचा कारभार. दादा म्हणजे वहिनीचा नवरा. विमा कंपनीतर्फे नुकसानीची पाहणी करत तो गावोगाव हिंडायचा. जळकी गोदामं आणि चेपलेल्या गाड्या बघून बघून घरात काहीतरी शाबूत बघावंसं वाटतं, असं म्हणून त्याने टाकी आणली आणि पुन्हा जळक्या गोदामांकडे निघून गेला. समुद्र राहिला वहिनीच्या गळ्यात. ग्राहकांचे पडदे आणि शाळेचे गणवेश शिवता शिवता ती पाण्यात मीठ मोजून घालायची, काच पुसायची, पंप घरघरला की त्याला चापट मारायची.

मासा आला त्याच संध्याकाळी त्याने टाकीतला सगळ्यात चांगला कोपरा धरला, आधीच्या दोन्ही माशांना हुसकावलं आणि सगळ्या घरावर नजर ठेवत तिथे ठाण मांडलं. दादा आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एका तोंडाने म्हणाले, "आत्या." मग बराच वेळ हसत सुटले.

वहिनी हसली नाही. आत्या म्हणजे या दोघांच्या बापाची बहीण. आई गेल्यावर तिनेच यांना वाढवलं, त्यामुळे तिला हसायचा हक्क यांना होता. वहिनीला तो नव्हता. लग्न नवीन असताना घरी पाहुणे आले होते आणि आत्या खोलीतून बाहेर येईनात. कुणीतरी विचारलं, आत्या कुठे? वहिनीने भाबडेपणाने खरं ते सांगितलं, "रुसून बसल्यात." तो 'रुसून' नातेवाइकांत असा फिरला की दुसऱ्या दिवशी आत्यांनी बॅग भरली आणि गावच्या घरी गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून सगळ्या घराण्याचं एकच मत होतं: हिने आत्याला तोडलं. दादाने कधी तसं म्हटलं नाही. पण आत्यांचा फोन येऊन गेला की तो उगाच गॅलरीत जाऊन उभा राहायचा, आणि ते म्हटल्यापेक्षा वाईट होतं.

आणि आता त्याच आत्या राहायला येणार होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि कुणी फार आग्रह न करता त्यांनी आपणहून कळवलं होतं की हवापालट म्हणून चार दिवस येते. वहिनीने पाहुण्यांच्या खोलीला नवे पडदे शिवले, तिथल्या बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला, न घसरणारी पायपुसणी आणली. माशाचं नाव मात्र काही केल्या बदलेना. तिने दोघा भावांना बजावलं होतं. ते मान डोलवायचे आणि पुढच्याच वाक्यात आत्या म्हणायचे.

खरी गंमत, किंवा खरा वैताग, म्हणजे तीही म्हणायची. भाऊ लोक "आत्या आली, आत्यानं खाल्लं" असं सरळ एकेरीत बोलत. वहिनीची जीभ तशी वळायचीच नाही. जन्मभर "आत्या आल्या, आत्या जेवल्या" करणाऱ्या तिच्या तोंडाला माशासाठी वेगळं व्याकरण कुठून सुचणार? शेवटी गोंधळ नको म्हणून धाकट्या दिराने तोडगा काढला. गावच्या त्या खऱ्या आत्या, टाकीतल्या त्या खाऱ्या आत्या. वहिनीला हे बरं वाटलं. निदान फरक तरी स्पष्ट झाला, असं तिला वाटलं.

तर या खाऱ्या आत्यांच्या शेपटीवर ठिपके होते. तिने दादाला फोन लावला. त्याने सवयीप्रमाणे पंचनामा सुरू केला. प्रथम कुणी पाहिलं, त्या वेळी हजर कोण होतं, माशाला हे आधीपासून असण्याची शक्यता आहे का.

"अहो, मी भरपाई मागत नाहीये," वहिनी म्हणाली. "काय करू ते सांगा."

त्यावर त्याने, पाण्यात मीठ जास्त झालं असेल आणि तेच अंगाला चिकटलं असेल, असा निष्कर्ष काढला आणि गोदामात रेंज गेली.

ती मासे विकणाऱ्या दुकानात गेली. दुकानदाराचं सगळ्या रोगांसाठी एकच निदान होतं. मासा खात नसेल तर टेन्शन, रंग उडाला तर टेन्शन, मेला तर टेन्शन घेऊन मेला. त्याने तिलाच विचारलं, घरात काही ताणाचं वातावरण आहे का? वहिनी म्हणाली, आहे, पण ते माशापर्यंत पोचू दिलेलं नाही. मग लसणाचा वास मारणारी एक बाटली पुड्यात बांधता बांधता तो सहज बोलून गेला, "ताई, ठिपके मीठ सांडल्यासारखे आहेत की पिठीसाखर भुरभुरल्यासारखे? मीठ असेल तर थोडा वेळ असतो हातात. साखर असेल तर बाटली राहू द्या."

हे त्याने आधी का सांगितलं नाही, असं विचारायला तिच्या अंगात त्राण नव्हतं. घरी येऊन तिने चिंध्यांच्या पिशवीतून नारिंगी कापडाचे दोन तुकडे काढले. एकावर मीठ टाकलं, दुसऱ्यावर पिठीसाखर, आणि दोन्ही हातांत दोन तुकडे आडवे धरून ती काचेसमोर उभी राहिली. धाग्याचा रंग कापडाशी जुळवणारा डोळा होता तिचा; चुकला नसता. पण आत्या क्षणभर थांबायला तयार नव्हत्या. पडदे न्यायला आलेल्या ग्राहक बाईंनी दारातून हे पाहिलं आणि पडदे न घेताच, नंतर येते, असं म्हणून त्या गेल्या.

"मीठ आहे," वहिनीने संध्याकाळी दिराला सांगितलं.

दीर प्रयोगशाळेत कामाला होता. उभं आयुष्य रक्त आणि लघवीत गेलेलं. माणसाचा नमुना म्हटला की जांभया द्यायचा, पण माशाचा म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांत चमक आली. प्रयोगशाळेने मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक त्याने घरी आणून ठेवला होता, तो पलंगाखालून निघाला. ओल्या हातात आत्यांना अलगद धरून काचेच्या पातळ तुकड्याने अंगावरचं थोडं बुळबुळीत खरवडायचं होतं. आत्या त्याला चावल्या. तरीही त्याने नमुना घेतला आणि एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला.

"वहिनी, बघ," तो म्हणाला. "गोल आहे. अंगभर बारीक केस आहेत. आणि सावकाश गिरक्या घेतंय, जबरदस्तीने नाचायला लावलेल्या मामासारखं."

वहिनीने पाहिलं. होतं खरं तसंच. कातडीत घुसून माशाला खाणारा परजीवी तो हाच. तिला एकाच वेळी किळस आली आणि आपलं निदान बरोबर निघाल्याचा आनंदही झाला. तो आनंद तिने चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

पुढे काय करायचं यावर चर्चा चालू असतानाच दोन दिवसांत ठिपके आपोआप गेले. शेपूट स्वच्छ, अंग झळझळीत. दादाने फोनवर अभिनंदन केलं आणि मीठ कमी केल्याचा हा परिणाम, असंही सांगितलं. वहिनी आनंदाने दुकानदाराला कळवायला गेली तर तो गंभीर झाला. ठिपके जातात तेव्हाच खरी पंचाईत, म्हणाला. ते किडे मरत नाहीत, खालच्या वाळूत पडतात, कोषात बसतात, एकाचे शेकडो होतात आणि परत वर येतात.

"मग परवा मला हे का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला टेन्शन नको म्हणून."

आणि ते परत आले. या वेळी शेपटीवर नाही, सगळ्या अंगावर. आत्या पंपाच्या तोंडाशी जाऊन जोरजोरात कल्ले हलवत होत्या, आणि बाकीचे दोन मासेही आता दगडाला घासू लागले होते. आत्या खाणं तोंडात घ्यायच्या आणि थुंकून टाकायच्या. वहिनी मशीन सोडून तिथेच स्टूल घेऊन बसली. खऱ्या आत्या दोन दिवसांवर आल्या होत्या, कापायला घेतलेले गणवेश तसेच पडले होते, आणि आपण एका बोटभर माशासमोर बसून "दोन घास तरी खा" म्हणतोय, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

उपाय एकच होता. सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या पाण्यात ठेवायचे आणि त्या पाण्यात तांब्याचं औषध घालायचं. तेही मोजून. कमी पडलं तर किडा हसतो, जास्त झालं तर मासा जातो. मोठ्या टाकीत ते घालता येत नव्हतं, कारण तिथल्या गोगलगाई आणि कोळंबी तांब्याच्या नुसत्या वासाने मेल्या असत्या. टाकी मात्र कित्येक आठवडे माशांवाचून ठेवायची, म्हणजे किड्यांना खायला कुणी मिळणार नाही आणि ते उपासमारीने संपतील. माशांसाठी अंधारी, शांत जागा हवी होती, जवळ विजेचं बटण हवं होतं. घरात अशी जागा एकच होती. नव्या पायपुसणीवर, नव्या दांड्याखाली, खऱ्या आत्यांच्या बाथरूममध्ये वहिनीने प्लास्टिकचा मोठा टब मांडला.

दुपारच्या सुट्टीत दीर धावत घरी आला. बिननावाचे दोघे मासे मुकाट्याने जाळीत आले. आत्या दगडांच्या कपारीत शिरल्या आणि तिथून बघत राहिल्या. दगड काढले तर पंपामागे गेल्या. वहिनीचा हात खांद्यापर्यंत पाण्यात, टबासाठी पाणी ओढायला तोंडात रबरी नळीचं टोक, स्पीकर लावलेला फोन टाकीच्या झाकणावर. त्यावर दादा लांबून सूचना देत होता आणि त्या एकाही उपयोगाच्या नव्हत्या. त्याचा फोन तुटला. लगेच पुन्हा वाजला. तोच असणार म्हणून तिने कोपराने बटण दाबलं.

फोन नणंदेचा होता. दादाची बहीण दोन तासांच्या अंतरावर राहायची आणि आत्या कधी येणार हे विचारायला तिने सहज फोन केला होता. 'हॅलो'च्या ऐवजी तिच्या कानावर वहिनीचा आवाज पडला, आणि तो दिराशी बोलत होता.

"कोपऱ्यात जाऊन बसल्यात, ऐकतच नाहीत. तुम्ही मागून ढकला भाऊजी, मी डोक्यावरून जाळी टाकते."

दीर काहीतरी म्हणाला.

"चावू देत. एकदा टबात घातलं की सुटलो. मग दार लावून घ्यायचं आणि पुरे बरं वाटेपर्यंत बाहेर काढायचं नाही. अंगभर किडे झालेत हो आत्यांच्या, बघवत नाही."

नणंद किंचाळली नाही. तिने अगदी हळू विचारलं, "वहिनी, कोण आत्या?"

आता वहिनीला वाटलं, माशाचं नाव भावांनी बहिणीला कधीच सांगितलं असणार. असली थट्टा ते पोटात ठेवणाऱ्यांतले नव्हते. पण बहिणीला फोन करायचा हेच मुळात त्यांना कधी सुचलं नव्हतं. वहिनीने नळी दातांत धरूनच शक्य तितकं स्पष्ट सांगितलं.

"खाऱ्या. खाऱ्या आत्या."

दातांत नळी असताना 'खा' आणि 'ख' यांत फारसा फरक उरत नाही.

"आपल्या खऱ्या आत्या?" पंपाच्या घरघरीत वहिनीला तेही 'खाऱ्या'च ऐकू आलं.

"हो, त्याच. थांबा हं, तांबं द्यायचंय, हात ओले आहेत," असं म्हणत वहिनीने झटका दिला, आत्या जाळीत आल्या, आणि कोपर लागून फोन टाकीत पडला.

खाऱ्या पाण्यात पडलेला फोन परत बोलत नाही. दीर आत्यांना टबात सोडून, शर्ट बदलून प्रयोगशाळेत पळाला. तिथे नियमाप्रमाणे मोबाइल कपाटात ठेवावा लागे. दादा गोदामात होता. राहता राहिला खऱ्या आत्यांच्या घरचा फोन. नणंदेने तो पुन्हा पुन्हा लावला आणि कुणीही उचलला नाही, कारण शेजाऱ्यांची गाडी शहराकडे निघाली होती म्हणून आत्या ठरल्यापेक्षा लवकरच त्यात बसून निघाल्या होत्या. प्रवासात बॅटरी जपायची म्हणून त्या मोबाइल बंद ठेवत. नणंदेच्या दृष्टीने सगळं जुळत होतं. आत्या घरी नाही. आत्या टबात आहे.

तिने काकांना फोन केला. काका म्हणजे आत्यांचे सख्खे भाऊ. शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. समोरचा माणूस काहीतरी लपवतोय हे गृहीत धरूनच ते घराबाहेर पडत. काकांनी गाडी काढली.

इकडे वहिनी बाथरूममध्ये पालथी मूठ टबावर टेकून बसली होती. परीक्षानळीत टबातलं पाणी घ्यायचं, दोन थेंब रसायन टाकायचं, आणि पाण्याला येणारी निळाई कार्डावरच्या निळ्यांशी ताडून बघायची. आकाशी म्हणजे कमी, मोरपंखी म्हणजे जास्त. मधला एक निळा हवा होता. या एका कामात तिला कुणाच्या सल्ल्याची गरज नव्हती. गणवेशाचे निळे तिने जन्मभर जुळवले होते. थेंब थेंब औषध घालत तिने तो निळा आणला आणि दिवसात पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकली. आत्या लपायला म्हणून टबात टाकलेल्या प्लास्टिकच्या नळाच्या तुकड्यात शिरून बसल्या होत्या.

बेल वाजली. दारात नणंद आणि काका. नणंदेच्या तोंडावर मास्क होता, हातात रबरी मोजे होते.

"कुठे आहे आत्या?"

वहिनीला भरून आलं. आपल्या एका माशाची विचारपूस करायला ही बाई दोन तास प्रवास करून आली. मोजेसुद्धा घालून आली. आपण उगाच हिच्याबद्दल मनात काय काय धरलं होतं, असं तिला वाटलं.

"टबात आहेत," ती म्हणाली. "आता जरा शांत झाल्यात. आत जाताना दिवा तेवढा नका लावू, बिथरतात."

"काही खाल्लं का तिनं?" काकांनी विचारलं.

"कुठलं. तोंडात घेतात आणि थुंकतात."

"आणि ते तांबं?"

"थोडं थोडं देतेय. एकदम दिलं तर जातील."

नणंद जवळच्या खुर्चीवर बसली. काकांचा चेहरा तपासनिसाचा झाला. "हे सगळं कुणाला विचारून करतेस?"

"दुकानदाराला," वहिनी म्हणाली.

 काका तडक आत गेले, बाथरूमचं दार उघडलं आणि दिवा लावला. मागोमाग नणंद गेली, तिच्यामागे, दिवा लावू नका म्हणत, वहिनी.

"यात मासे आहेत," काका म्हणाले.

"हो."

"आत्या कुठे आहे?"

वहिनीने नळाच्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "त्या काय. नारिंगी."

काकांनी वाकून पाहिलं. नणंदेने मास्क काढला. हळूहळू, कापड उसवत जावं तसं सगळं वहिनीच्या लक्षात येत गेलं: फोन, नळी, खाऱ्या, खऱ्या, मोजे. ही गोष्ट आता या दोघांपाशी राहणार नव्हती. 'रुसून' जिथे जिथे गेला होता, त्या सगळ्या घरी आज संध्याकाळपर्यंत मासा पोचणार होता. पण तिथवर तो जाऊ द्यायचीही गरज उरली नव्हती.

"दार सताड उघडं टाकून सगळे बाथरूममध्ये काय करताय?" मागून आवाज आला.

खऱ्या आत्या खोलीत उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्यात बॅग, जिने चढून आल्याने धाप लागलेली.

नणंद आधी आत्यांच्या गळ्यात पडली, मग जरा रडली, आणि मग, सुटका झालेल्या माणसाला जी घाई असते त्या घाईने, तिने सगळं सांगून टाकलं. किडे, टब, तांबं, जाळी. आणि शेवटी, "हिनं माशाला तुझं नाव ठेवलंय, आत्या."

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. मी नाही ठेवलं, असं म्हणणं सोपं होतं आणि खरंही होतं. पण मग कुणी ठेवलं, हेही सांगावं लागलं असतं. ज्या पोरांना या बाईने वाढवलं, तीच तिच्या पाठीमागे तिला माशाच्या कोपऱ्यावरून हसली, हे गुडघ्याला पट्टा बांधून उभ्या असलेल्या माणसाला कसं सांगायचं? या घरात एकदा खरं बोलून तिने पाहिलं होतं.

"तोंडात बसलं ते नाव," ती म्हणाली.

"का बसलं?" आत्यांचा आवाज चढला नव्हता. "माझ्यासारखं काय आहे तिच्यात?"

काका दिव्याकडे पाहू लागले.

"कोपरा सोडत नाहीत," वहिनी म्हणाली. आता काही राहिलंच नव्हतं, तेव्हा तिने पुढचंही म्हटलं. "आणि कितीही दुखत असलं तरी कुणाला जवळ येऊ देत नाहीत. अर्धं आजारपण अंगावर काढल्यावर आपल्याला कळतं."

 दांडा धरून, चांगला पाय पुढे टाकत आत्या टबाशी आल्या आणि वाकल्या. नळाच्या तुकड्यातून एक नारिंगी तोंड बाहेर आलं आणि त्यांच्याकडे रोखून बघू लागलं. बराच वेळ दोघींपैकी कुणीच नजर हलवली नाही.

"खरवडलंत म्हणे हिला."

"तपासायला. भाऊजींनी."

"मग? गप्प बसली?"

"चावल्या."

"बरं केलं," आत्या म्हणाल्या. मग मान न वळवता त्यांनी काकांना विचारलं, "माझा गुडघा कापला तेव्हा तुझी गाडी बिघडली होती ना रे? झाली का दुरुस्त?"

काकांनी झाली म्हणून सांगितलं आणि पाणी प्यायला बाहेर गेले. नणंद मोजे काढायला त्यांच्या मागोमाग गेली.

वहिनी घाईघाईने सांगू लागली, की टब आत्ता हलवते, तुमच्यासाठीच केली होती ही सगळी तयारी, दुसरीकडे कुठेतरी करते त्यांची सोय. आत्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"आजाऱ्याला हलवतं का कुणी? राहू दे तिला इथे. मी तुमच्या बाथरूमला जाईन. आणि तो दिवा घालव, बिथरतेय ती."

तेवढ्यात जिन्यावरून दिराचा आवाज आला. तो कामावरून परतला होता आणि वर येता येताच विचारत होता, "वहिनी, आत्या आहे की गेली?"

"आहे," खऱ्या आत्यांनी आतून उत्तर दिलं.

जिन्यावरची पावलं थांबली आणि मग, दूध आणायचं राहिलं असं काहीसं पुटपुटत, खाली गेली.

चार दिवसांसाठी आलेल्या आत्या राहिल्या. कारण विचारायची कुणाची छाती नव्हती, पण त्यांनीच ते सांगून टाकलं: हिच्या पोटात अन्न जाईपर्यंत मी हलत नाही. वहिनी रोज निळा जुळवायची. आत्या टबाशी खुर्ची टाकून देखरेख करायच्या आणि औषधाचा थेंब पडताना प्रत्येक वेळी, जास्त झालं, म्हणायच्या. ठिपके गेले, या वेळी परत आले नाहीत, आणि एके दिवशी खाऱ्या आत्यांनी घास तोंडात घेतला आणि गिळला. ही बातमी खऱ्या आत्यांनी स्वतः फोन करून सगळ्या नातेवाइकांना दिली. दादा दौऱ्यावरून आला तेव्हा त्याला दारातच कळली. तो आत्यांच्या पाया पडला, टबाकडे बघून आला आणि, मीठ आता बरोबर आहे, म्हणाला. पण त्या संध्याकाळी गॅलरीत कुणी उभं नव्हतं.

मोठी टाकी अजून कित्येक आठवडे माशांवाचून ठेवायची होती. नुसते दगड, वाळू, गोगलगाई, आणि लाल पाठीवर पांढरी रेघ असलेली एक कोळंबी. माशांच्या अंगावरचं साफ करणं हा तिचा धंदा. मासे गेल्यापासून बिचारी बेकार झाली होती. दुपारी आत्या टाकीसमोर बसून पाण्यात बोट बुडवायच्या, आणि ती लांब मिशा हलवत येऊन त्यांची नखं साफ करून द्यायची. हा उद्योग कुणी शिकवला नव्हता. दोघींनी आपापसांत ठरवला होता.

अशाच एका दुपारी वहिनी आत स्वयंपाकघरात ओटा पुसत होती आणि आत्या दिवाणखान्यात नणंदेशी फोनवर बोलत होत्या. वहिनी ऐकत नव्हती. पण मग एक शब्द कानावर आला आणि तिचा हात थांबला.

"सूनबाई?" आत्या म्हणत होत्या. "अगं, तिचं काय सांगू. दिवसभर राबते. सगळ्यांचं करत असते, आणि कुणी हाक मारून जेवायला बोलवेल तर शपथ. उरलंसुरलं खाऊन राहते. माझी इतकी सेवा केली तिनं, पण तोंडातून एक शब्द नाही. मी काही तिला चांगलं वागवलं नाही गं. आता वाटतं."

वहिनीच्या डोळ्यांपुढचा ओटा धूसर झाला. तिने फडकं पिळलं; ते आधीच पिळलेलं होतं.

"काल तर एक पाय तुटला तिचा," आत्या पुढे म्हणाल्या. "पण हिनं सांगितलं, कात टाकली की नवा फुटतो. बाकीचे नऊ आहेत."

 वहिनीने फडकं वाळत घातलं. पायाबद्दलची वाक्यं तिने कोळंबीला देऊन टाकली आणि त्याच्या आधीची सगळी स्वतःकडे ठेवून घेतली. मग बाहेर जाऊन तिने विचारलं, "आत्या, चहा ठेवू?"

"ठेव," आत्या म्हणाल्या. त्यांचं बोट पाण्यातच होतं. "आणि तुलाही घे गं. दर वेळी मागाहून पितेस."